किरकोळीत टाकलेली नोंद

मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. घरातून निघताना गॅसचं बटण मी तीनदा बघते. रिक्षा ओळखीच्या रस्त्यानं चालली तरी माझं लक्ष वळणांवर असतं. नवरा म्हणतो, "तुला देव भेटला ना, तरी आधी त्याचं आधार कार्ड मागशील." मागीन की! कोण कुठला, आपल्याला काय माहीत?

ह्याच स्वभावाचा मला पगार मिळतो. मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस आहे. सर धरून आठ माणसं. सर म्हणजे आमचे मालक. आम्ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लहान लॅबसाठी प्रोग्रॅम बनवतो. पेशंटचं नाव घ्यायचं, नमुन्याला नंबर द्यायचा, शेवटी रिपोर्ट छापून हातात ठेवायचा, एवढंच त्याचं काम. बाकीचे तो लिहितात आणि मी त्यातले बग शोधते, म्हणजे कुठं काय चुकतंय ते. दुपारी खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरतात, अन् संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर ज्वारीच्या पिठाचा थर बसतो. तेरा वर्षं झाली, मला आता त्याचा वासही येत नाही.

मोठा बग सापडला तर कुणाला काही समजवावं लागत नाही. प्रोग्रॅम बंद पडला, रिपोर्टवर भलत्याचंच नाव आलं, की क्लायंटच ओरडत येतो. मला राग येतो तो बारक्या बगांचा. ते मरत नाहीत आणि कुणाला त्यांची लाजही वाटत नाही. "मॅडम, चालतंय की," म्हणायचं आणि पुढं जायचं. चालतंय म्हणे! मग मीच त्यांना नावं द्यायला सुरुवात केली. नाव असलं की निदान त्याच्याकडं कुणी बघतं तरी.

छापील कागदावर एखादा शब्द जरासा डावीउजवीकडं गेला तर ती टिकली. "आज तीन टिकल्या आहेत," म्हटलं की सगळ्यांना कळायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. बटण दाबलं आणि प्रोग्रॅमनं हूं की चूं केलं नाही, तर तो मुका. आत्ता दिसला, दुसऱ्याला दाखवायला बोलावलं की गायब, तो पाहुणा. एक नीट करायला गेलं की बाजूचं बिघडवते ती शेजारीण. आणि क्लायंटला ज्याची इतकी सवय झालीय की दुरुस्त केला तर तोच भांडायला येतो, तो जावई. आमच्याकडं दोन जावई आहेत, सहा वर्षांपासून. त्यांना कुणी हात लावत नाही. नवरा ऐकून हसायचा, "नावं ठेवायचाच पगार देतात का गं तुला?"

दर शुक्रवारी चार वाजता सगळे मोठ्या टेबलाभोवती बसायचे. खालून चहा यायचा आणि आठवड्यातल्या नोंदींची छाननी व्हायची. तीन वर्ग होते: मोठी, मधली, किरकोळ. मोठी म्हणजे आजच्या आज. मधली म्हणजे दोन महिन्यांच्या आत. किरकोळ म्हणजे कधीतरी, आणि कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाद नकोत म्हणून आमचा एक नियम होता. नोंद कुणीही टाकावी, पण तिचा वर्ग आणि तिचं नाव मीच ठरवायचं. बारक्यासारक्या नोंदी तर मी शुक्रवारची वाटही न बघता परस्पर लावून टाकायचे.

आधी हे सगळं आम्ही खरोखरच्या लांबड्या रजिस्टरात लिहायचो. मग आमच्यातल्याच एका डेव्हलपरनं त्याचा प्रोग्रॅम करून दिला आणि तो पुण्याला निघून गेला. त्या प्रोग्रॅमलाही आम्ही वहीच म्हणतो. वहीत प्रत्येक नोंदीखाली कुणी, कधी, काय बदललं ते आपोआप उमटतं. ह्या जगात माझा डोळे झाकून विश्वास कशावर असेल तर त्या वहीवर होता.

भाऊ आमच्याकडं आले तेव्हा त्यांना एक्कावन्नावं लागलं होतं. वाळूजच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं त्यांनी कॉम्प्युटर सांभाळले होते, तो कारखाना बंद पडला. सरांनी त्यांना एक वर्षाच्या करारावर घेतलं. वर्ष संपलं की कायम करायचं का नाही ते ठरणार होतं. ही गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकली. "ह्या वयात दुसरीकडं कोण घेतंय ताई? इथंच चिकटायचं बघतोय," म्हणाले आणि हसले. मला ते हसणं आवडलं नाही. नव्या जागी इतकं सरळ कोण बोलतं?

ते शहागंजला राहायचे. शेअर रिक्षानं साडेआठलाच हजर. महिन्याभरात सरांनी ऑफिसची किल्ली त्यांच्याकडं दिली. तोवर ती सरांकडंच असायची, सकाळी येऊन तेच दार उघडायचे. इतर दिवशी कुणी ना कुणी लवकर यायचं, पण सोमवारी सगळ्यांनाच उशीर. साडेनवापर्यंत भाऊ एकटे. एक माणूस आणि ऑफिसातली सगळी कॉम्प्युटरं, हे माझ्या डोक्यातून जाईना. त्यात त्यांच्याकडं एक खिशातली डायरी होती. मी जवळून गेले की ते तिच्यावर तळहात ठेवायचे. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा पाणी प्यायच्या निमित्तानं मुद्दाम गेले. पुन्हा तळहात! मनात पाल चुकचुकली ती तिथं.

त्याच सुमाराला एक नोंद माझ्याकडं आली. रिपोर्टवर पत्त्याचा चौकोन असतो, तो शहराचं जुनं नाव धरून आखलेला होता. औरंगाबाद एका ओळीत बसायचं. छत्रपती संभाजीनगर बसेना. एरवी काही बिघडत नव्हतं, पण पेशंटचं नाव लांबलचक असलं, पत्ताही लांब असला आणि त्यात शहरानं दोन ओळी घेतल्या, की सगळा रिपोर्ट खाली सरकायचा आणि शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जायची. लहान लॅबवाले दुसरं पान छापतच नाहीत. आणि शेवटच्या ओळीत असतो डॉक्टरांचा शेरा.

मी तिचं नाव ठेवलं घसरडी आणि वर्ग दिला मधली. दुरुस्तीला ती भाऊंकडं गेली. त्यांच्याकडं आधीच्या चार मधल्या नोंदी पडून होत्या, त्यामुळं हिचा नंबर पाचवा.

महिनाभरानं एका सोमवारी दहाला मी वही उघडली तर घसरडी किरकोळीत! मला वाटलं, मीच चुकून केलं की काय. खाली बघितलं. बदल करणाऱ्याचं नाव भाऊंचं. वेळ सकाळी आठ पस्तीस.

तुम्ही म्हणाल, मग विचारायचं ना. का विचारू? विचारलं असतं किंवा घसरडी परत वर आणली असती, तर माणूस सावध झाला असता. आणि कारण तर मला सरळ दिसत होतं. मधल्या नोंदी किती शिल्लक आहेत हे सर कायम करायच्या वेळी बघणार होते. किरकोळ कोण मोजतंय? ह्यानं शांतपणे ओझं खाली उतरवून ठेवलं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय असं मला वाटतच होतं, आता जागा सापडली.

मी पाळत ठेवली. शनिवारी दुपारी ऑफिस सुटताना वहीच्या यादीचा मोबाईलवर फोटो काढायचा, सोमवारी आल्या आल्या ताडून बघायचं. पुढच्या सोमवारी दोन नोंदी खाली गेल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी एक. मग तीन. सगळ्यांखाली भाऊंचं नाव, सगळ्या साडेआठ ते पावणेनऊच्या मधल्या. त्यातल्या दोन तर त्यांच्याकडं नव्हत्याच, दुसऱ्याच डेव्हलपरच्या होत्या. हे मला खटकायला पाहिजे होतं. मी त्याचा अर्थ लावला, की आपल्यावर संशय येऊ नये म्हणून दुसऱ्याच्याही ढकलतोय. किती पोचलेला माणूस! आणि वर मी आले की, "चहा सांगू का ताई?" मी नको म्हणायचे. अशा माणसाचा चहा कोण पिणार?

एकदा घरी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मग सरळ विचार की त्याला," तो म्हणाला.

"विचारल्यावर कोण कबूल करतंय?"

"कबूल कशाला? एखादा माणूस खरं पण सांगतो कधी कधी."

"तुम्ही भाजी घ्या आणि गप्प बसा," मी म्हणाले. तो गप्प बसला.

त्याच दिवसांत भाऊंनी स्वतःच वहीत एक नोंद टाकली. ‘वहीबाबत’ असं वर लिहिलेलं. खाली पहिली ओळ होती, ‘सोमवारी काही नोंदी माझ्या नावाने खालच्या वर्गात जातात.’ पुढच्या ओळीत अर्ध्यापर्यंत मी गेले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे चोर आधीच सबब तयार करून ठेवतोय! उद्या सापडला की म्हणायला मोकळा, मी तर कळवलं होतं. मी वर्ग दिला किरकोळ. नाव दिलं सबब. शुक्रवारच्या टेबलावर ती आणलीच नाही. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचं लई कौतुक वाटलं.

मग व्हायचं ते झालं. अजिंठ्याकडची एक म्हातारी लॅबमध्ये रक्त देऊन गेली होती. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वाडीचं नाव, पोस्ट, तालुका, त्याखाली जिल्हा म्हणून शहराचं नाव. डॉक्टरांनी शेऱ्यात लिहिलं होतं, लगेच पुन्हा तपासणी करून दाखवावे. ती ओळ दुसऱ्या पानावर गेली आणि दुसरं पान छापलंच नाही. म्हातारी रिपोर्ट घेऊन समाधानानं घरी. आठ दिवसांनी लॅबवाल्याच्या सहज लक्षात आलं, त्यानं माणूस पाठवून तिला बोलावलं. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, पण ती बरी झाली. लॅबवाला सरांना फोनवर इतका बोलला की केबिनचं दार लावलेलं असूनही आम्हाला बाहेर ऐकू आलं.

शुक्रवार होता. आम्ही टेबलाभोवती बसलेलो. सर बाहेर आले ते लालबुंद होऊन.

"हे आपल्याला माहीत होतं का?"

"होतं," मी म्हणाले. "मी मधल्यात टाकलं होतं सर. कुणीतरी खाली ढकललं."

"कुणी?"

मी पर्समधून कागद काढले. मोबाईलवरचे सगळे फोटो मी छापून आणले होते, शनिवार एकीकडं, सोमवार एकीकडं. किती दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरत होते, सांगायचीही लाज वाटते. सरांनी बघितले आणि भाऊंच्या पुढं सरकवले.

भाऊंनी चष्मा लावून एकेक कागद वाचला. "मी नाय केलं हे," ते म्हणाले.

"मग वही खोटं बोलते का?" मी विचारलं.

"ताई, त्याबद्दल मी नोंद टाकली होती."

"वाचली ती. असल्या नोंदी कुणालाही टाकता येतात."

त्यांनी सरांकडं बघितलं. "सर, पन्नाशी ओलांडलेला माणूस मी. असलं कशाला करीन?"

"कायम व्हायचंय म्हणून," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात. आणि बोलून झाल्यावर मला बरं वाटलं, हेही इथं लिहिलंच पाहिजे. एकानं चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. भाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला. "वहीतच तसं असंल तर काय बोलू," एवढंच म्हणाले.

करार महिनाअखेरीला संपत होता. सरांनी तो वाढवला नाही, कायम करायचा तर विषयच उरला नव्हता. शेवटच्या दिवशी भाऊ टेबल आवरत होते तेव्हा डायरी उघडी पडली होती. मी बघितलं. माझा डोळा जातोच. आत वळणदार देवनागरी अक्षरात लिहिलेलं, कुठलं बटण दाबलं की काय होतं, नव्या प्रोग्रॅममध्ये फाईल कुठं ठेवायची, कुठल्या चुकीला काय करायचं. आमची पंचविशीतली पोरं जे हसत हसत करतात, ते ह्या माणसानं शाळेतल्यासारखं उतरवून पाठ केलं होतं आणि कुणी बघू नये म्हणून वर हात धरला होता. पण मी स्वतःला समजावलं, डायरीचं ठीक आहे, नोंदींचं काय?

जाताना ते माझ्या टेबलाशी आले. "सर म्हणाले, किल्ली आता तुमच्याकडं द्यायची." किल्ली ठेवली. "येतो ताई."

पुढच्या सोमवारी मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. दार उघडलं, कोपऱ्यातला सर्व्हर सुरू केला, माझ्या नावानं वहीत शिरले, वही तशीच उघडी ठेवून चहा करायला गेले. दहाच्या सुमाराला पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, माझ्या दोन नोंदी तुम्ही किरकोळीत टाकल्या का?"

"मी नाही केलं," मी म्हणाले.

"तुमचं नाव आहे इथं. आठ बावन्न."

मी उठून तिच्या पाठीशी गेले. होतं. माझं नाव, आठ बावन्न. त्या वेळी मी गॅलरीत दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडं बघत उभी होते.

दिवसभर ती मुलगी आणि मी वहीच्या पोटात शिरून बसलो. दुपारी सापडलं. तिच्यात एक नियम घातलेला होता. मधल्या नोंदीला तीस दिवस कुणी हात लावला नाही, तर तिला आपोआप किरकोळीत टाकायचं. आठवड्यातून एकदा, रविवारी. पण आमचा सर्व्हर शनिवारी दुपारी बंद होतो. मग रविवारचं काम सोमवारी व्हायचं, जो कुणी पहिला वहीत शिरेल त्याच्या लॉगिनवर. आणि नाव त्याचंच उमटायचं. भाऊंच्या आधी किल्ली सरांकडं होती, त्या काळातल्या नोंदी उघडून बघितल्या तर सगळ्यांवर सरांचं नाव. मालकानं नोंद खाली टाकली तर विचारणार कोण?

हा नियम घाला म्हणून सांगितलं कुणी, तेही सापडलं. पुण्याला गेलेल्या त्या मुलाला चार वर्षांपूर्वी पाठवलेली मेल होती. ‘मधल्यांची यादी बघून डोकं उठतं. महिनाभर कुणी बघितलं नाही म्हणजे ते महत्त्वाचं नसणारच. आपोआप खाली जाईल असं काहीतरी कर ना.’ खाली माझं नाव. मी साफ विसरून गेले होते. तेरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये चुका काढल्या, आणि रोज जिच्यात लिहीत होते ती वही मी एकदाही तपासली नव्हती.

मग मी ‘सबब’ उघडली. मुलीला म्हटलं, तू जा, चहा घे. चार ओळींची नोंद होती. ‘सोमवारी काही नोंदी माझ्या नावाने खालच्या वर्गात जातात. मी त्यांना हात लावलेला नाही. सर्व्हर शनिवारी बंद असतो, त्यामुळे राहिलेले काम सोमवारी पहिल्या लॉगिनच्या नावावर पडत असावे, असा अंदाज आहे. खात्री नाही, ताईंनी एकदा बघावे.’

ताईंनी एकदा बघावे! जे शोधायला मला स्वतःवर आळ यावा लागला, ते त्यांनी आल्यापासून काही महिन्यांत ओळखलं होतं आणि माझ्याच दारात आणून ठेवलं होतं. खाली उमटलं होतं, वर्ग किरकोळ, नाव सबब. आणि माझं नाव. तो बदल मात्र मीच केला होता, माझ्या हातानं, पूर्ण शुद्धीत. मला इतकी लाज वाटली की मी स्क्रीन बंद केली.

संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. "माझ्या नावानं जायच्या तेव्हा मला वाटायचं, मीच कधीतरी केल्या असतील," ते म्हणाले. मग म्हणाले, "बोलवा त्यांना परत. कायम करून टाकू. पण मॅडम, हे बाहेर चघळत बसायचं नाही. लॅबवाल्याच्या कानावर गेलं, की आपलीच वही आपल्याला फसवते, तर उद्या प्रोग्रॅम कोण घेणार?"

भाऊ फोन उचलेनात. बुधवारी अर्धी रजा टाकून मी शहागंजला गेले. विचारत विचारत सापडलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्या मेव्हण्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान होतं, तिथं ते कॉम्प्युटरवर बसले होते. पुढं चारपाच माणसं कागद घेऊन उभी. मला बघून ते दचकले नाहीत की रागावले नाहीत. "बसा ताई," म्हणाले आणि स्टूल पुढं केलं. समोरच्या दोघांचे फॉर्म पूर्ण केले, मगच माझ्याकडं वळले.

मी सगळं सांगितलं. नियम, मेल, सोमवार, माझं नाव. मधे कुठं थांबले नाही, थांबले असते तर रडले असते.

"चारच ओळी होत्या ताई," भाऊ म्हणाले.

"हो."

"पहिलीच वाचली व्हय?"

"दीड."

त्यांनी मान हलवली. मी घाईघाईनं म्हणाले, "सर परत बोलवतायत. कायम करतो म्हणालेत. सोमवारपासून या."

"हे आता कुणाकुणाला माहीत आहे?"

"सरांना. त्या पलीकडच्या मुलीला थोडं. मला."

"म्हणजे केबिनीत बोललात."

"हो."

"मला टेबलावर विचारलं होतं तुम्ही," भाऊ म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "सात माणसं बसली होती. त्यातला एक आमच्या गल्लीतला आहे. त्यानं माझ्या बायकोला भररस्त्यात विचारलं, वहिनी, भाऊंनी ऑफिसात काय भानगड केली? ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाय. मी नाय केलं म्हणालो, तर म्हणाली, मग तुम्हालाच का काढलं?"

पुढचा माणूस कागद सरसावून उभा होता. "येते," म्हणून मी उठले.

शुक्रवारी चार वाजता चहा आला. सर केबिनमधून येऊन बसले आणि त्यांनी माझ्याकडं बघून हळूच नकाराची मान हलवली, त्यांना अंदाज आला असावा. मी फोन लावला. ह्या वेळी भाऊंनी उचलला. "फक्त ऐका," मी म्हणाले, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

मी उभी राहिले. भाऊंच्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या, एकही शब्द न गाळता. मग खालचा वर्ग वाचला. मग नाव वाचलं, मग ते ठेवणारीचं नाव वाचलं. चार वर्षांपूर्वीची मेलही वाचली. म्हणाले, "भाऊंनी एकही नोंद बदललेली नाही. त्यांनी मला बग दाखवला होता. तो मी दीड ओळ वाचून किरकोळीत टाकला आणि ह्याच टेबलावर त्यांच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी आहे. तिचा वर्ग मोठी." सरांनी कपाळाला हात लावला होता. गल्लीतला तो सहकारी टेबलाच्या कडेकडं बघत होता.

फोनमधून आधी नुसता प्रिंटरचा आवाज आला. कुणीतरी विचारत होतं, फोटो दोन लागतात का एक?

"ऐकलं ताई," भाऊ म्हणाले.

"सोमवारी येता का?"

"नाय." मग म्हणाले, "आमच्या गल्लीतला तिथंच बसलाय का?"

"बसलाय."

"त्याला म्हणावं, घरी जाऊन माझ्या बायकोला सांग. मी सांगून तिला पटत नाय."

तो सहकारी हो म्हणाला, पण इतक्या हळू की फोनपर्यंत गेलं नसणार. मीच मोठ्यानं सांगितलं, "हो म्हणतोय."

"बरं. ठेवतो, गिऱ्हाईक उभं आहे."

फोन बंद झाला. चहा निवत होता, आणि पुढची नोंद वाचायची पाळी माझीच होती.